टेबलावरचा करदोडा

ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून मला सत्तावीस वर्षं झाली. वर्ध्याच्या ज्या खासगी दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथे माझ्या तोंडाला सगळे भितात आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. हात नीट न धुता कोणी माझ्या ट्रॉलीजवळ आलं, तर मी त्याचा हुद्दा बघत नाही. पेशंटच्या अंगावरचे गंडे, ताईत, मनगटातले लाल धागे मी सरळ कापते, कागदाच्या पुडीत बांधते आणि नातेवाइकांच्या हातात देते. कोणी कुरकुर केली की म्हणते, देवाला पुडीतलंही दिसतं.

फक्त करदोड्याला मी तीन वर्षं कात्री लावलेली नव्हती. करदोडा म्हणजे पुरुषाच्या कमरेचा काळा दोरा. आमच्याकडे तो लहानपणीच बांधतात, आणि जुना झाला की आधी नवा बांधून मगच जुना काढतात. कंबर क्षणभरही रिकामी ठेवत नाहीत, कारण रिकामी कंबर मढ्याची. माणूस गेल्यावर, तिरडीवर ठेवण्याआधी, दोरा तोडतात. माझ्या नवऱ्याचा तोडायची वेळ आली तेव्हा घरात कोणाला कात्री सापडेना. मी माझ्या पर्समधली ड्रेसिंगची कात्री काढून दिली. तेव्हापासून टेबलावर करदोडा दिसला की मी आयाबाईंना हाक मारायची आणि स्वतः दुसरीकडे वळायची. का, ते कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी जुलैत एक पेशंट आले. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेचे, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडचे. कोषागारातून बाबू म्हणून निवृत्त झालेले, साठीला टेकलेले, शुगर फार जुनी. त्या शुगरनेच त्यांची ताठरता गेली होती. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या एका शहरात जाऊन इम्प्लांट बसवून घेतलं होतं. लिंगाच्या आत दोन पोकळ नळ्या, अंडकोषाच्या पिशवीत बोराएवढा पंप आणि पोटाच्या भिंतीमागे खारट पाण्याची छोटी थैली. पंप दाबला की पाणी नळ्यांत येतं, सोडलं की परत जातं. बाहेरून काही दिसत नाही. त्यांचं ते इम्प्लांट महिन्याभरात पिकलं. पू झाला आणि सगळं काढून टाकावं लागलं.

आमच्याकडे ही ऑपरेशनं करायला नागपूरहून महिन्यातून एकदा एक सर येतात. त्यांनी नवरा-बायको दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "आत सगळा व्रण धरलाय, जागा आखडलीय. या वेळी बसवता येईल. पण पुन्हा पू झाला तर तिसऱ्यांदा बसवायला जागाच उरणार नाही. ही शेवटची संधी समजा." बाबूंनी मान हलवली. त्यांनी घरच्यांना, शेजाऱ्यांना हर्निया सांगितला होता.

सरांची तयारी म्हणजे एक व्रतच असतं. तीन महिने शुगर उतरवायची. लघवीत जंतू नाहीत हे तपासून घ्यायचं. अंगावर एक फोडसुद्धा चालत नाही. केस वस्तऱ्याने नाही, मशीनने काढायचे, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतही जंतू बसतात. चीर देण्याआधी अँटिबायोटिक गेलंच पाहिजे आणि एकदा सुरू झालं की थिएटरचं दार उघडायचं नाही. इम्प्लांट तर पेशंटच्या स्वतःच्या कातडीलाही लागू द्यायचं नाही. सर म्हणतात, "त्या नळ्यांत रक्त नाही. एक जंतू तिथे जाऊन बसला, तर त्याला हाकलायला शरीरातलं कोणी तिथवर पोचत नाही."

ऑक्टोबरात, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी पेशंटला न्यायला खोलीत गेले तर त्यांची बायको दारातच आडवी आली. लहानखुरी बाई, हातात पिशवी घट्ट धरलेली.

"सिस्टर, यायचा करदोडा तोडू नका."

"बाई, आत काहीच चालत नाही."

"मागच्या टायमाले बी मी हात जोडले होते. तिथल्या सिस्टरनं नाई तोडला. वर सरकवून पट्टी लावली होती."

मी ते ऐकलं आणि कानाआड केलं. बाईचा आवाज बारीक झाला. "सहा सालं झाली सिस्टर, हे माह्याकडं पाह्यत नाईत. ताट घेतेत तं नजर खाली, बोलतेत तं भिंतीसंग. मले बाकी काई नको. या वयात मी कायले मागीन? यायनं मले पाह्यलं पाह्यजे, बस. अन् दोरा तोडला तं यायच्या डोक्यात घुसून जाईन का आपण मेलो. मंग हे वापस नाई येनार."

एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. आयाबाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या, कात्री माझ्याच खिशात होती. मी खोलीत जाऊन चादर बाजूला केली, तो काळा दोरा बघितला आणि माझा हात पुढे जाईना. शेवटी मी दोरा बरगड्यांपर्यंत वर सरकवला आणि त्यावर रुंद चिकटपट्टी मारली. बाबू छताकडे बघत पडले होते. त्यांनी श्वास सोडला तो मी ऐकला.

थिएटरमध्ये भूल देणाऱ्या मॅडमनी त्यांच्या पाठीत सुई दिली. कमरेखालचं अंग झोपलं, डोकं जागं. झोपेचं औषध बाबूंनीच नको म्हटलं होतं. मी औषधाच्या द्रावणाने पोटापासून मांड्यांपर्यंत दोनदा रंगवलं आणि निर्जंतुक चादरी टाकल्या. मग छातीवरच्या पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला.

"सिस्टर, माहे पाय खाली सोडा ना. कवाचे वर धरून ठेवले."

त्यांचे दोन्ही पाय टेबलावर सपाट होते. पाठीच्या भुलीत असं होतं, मेंदूला पायांचा जुनाच पत्ता राहतो. मी हे शंभर पेशंटना समजावलंय. त्यांनाही समजावलं.

"मंग वर कोनाचे पाय हायत?" त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे, रांगेत पुढचा नंबर कोणाचा असं विचारावं तसं. मॅडम हसल्या. मी हसले नाही.

चीर देण्याआधी आम्ही सगळे थांबतो आणि यादी मोठ्याने वाचतो. पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, औषध गेलं का, इम्प्लांटची मापं आली का. "दागिने, धागेदोरे?" मॅडमनी विचारलं.

"काढले," मी म्हणाले.

सत्तावीस वर्षांत त्या यादीला मी पहिल्यांदा खोटं उत्तर दिलं. आवाज जराही हलला नाही याचं मला आजही नवल वाटतं.

सरांनी चीर दिली. आतली जागा खरोखर व्रणाने बुजली होती. तिथे घाई केली तर भिंत फाटते किंवा मूत्रनळीला इजा होते, म्हणून सर एकेक मिलिमीटर मोकळा करत होते. रुंदी वाढवायच्या दांड्या बारीक ते जाड अशा क्रमाने मी देत होते. त्यात तासभर गेला. दोन्ही बाजूंची लांबी मोजली. सर म्हणाले, "हातमोजे बदला, वरची नवी चादर घ्या. मग इम्प्लांटचा डबा उघडा."

हा सगळ्यात जपायचा क्षण. जुने हातमोजे टाकून सगळे नवे घालतात आणि जखमेभोवती एक पारदर्शक चादर चिकटवतात, म्हणजे यापुढे कातडीला कशाचाच स्पर्श होत नाही. थैलीसाठी पोटावर दुसरी छोटी चीर द्यायची होती, म्हणून मी तिथल्या जुन्या चादरीची कड जराशी उचलली. खाली काहीतरी काळं दिसलं. द्रावणाने चिकटपट्टीचा गोंद विरघळला होता. दोरा पोटावरून उतरत उतरत, ओला होऊन, चिरेच्या खुणेपासून दोन बोटांवर येऊन थांबला होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. श्वासागणिक पोट वरखाली होत होतं आणि त्या प्रत्येक श्वासाबरोबर तो हलत होता.

त्या क्षणी सकाळचं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. तिथल्या सिस्टरनं नाई तोडला. वर सरकवून पट्टी लावली होती. म्हणजे तेव्हाही तो असाच उतरला असेल, आणि तेव्हा तो कोणालाच दिसला नसेल. बाहेरून सामान उघडून देणाऱ्या फ्लोअर सिस्टरचे हात इम्प्लांटच्या डब्यावर होते. मी चादर परत खाली सोडली असती तर कोणाला कळलं नसतं. मी खोटं बोललेली, मीच लपवणारी. ते सोपं होतं, आणि मी अर्धा क्षण तोच विचार केला हेही लिहून ठेवते.

"डबा उघडू नका," मी म्हणाले. "सर, करदोडा आहे. मी काढला नव्हता. मी खोटं बोलले."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात वर धरले, चादरीखाली बघितलं आणि मॅडमकडे बघून म्हणाले, "जखम झाका. सगळं पुन्हा." मग मला म्हणाले, "तोडा."

फ्लोअर सिस्टरने कात्री दिली. चार पदरी दोरा होता, ओला, एका दाबात तुटेना. दोनदा दाबावं लागलं. थिएटरमध्ये तो आवाज फार मोठा वाटला.

"कायचा आवाज हाय?" पडद्यापलीकडून बाबूंनी विचारलं.

मला पुन्हा खोटं बोलवेना. "दोरा तोडला, बाबूजी."

मॉनिटरवर नाडी होती तशीच चालू होती, ना वाढली ना घटली. मग त्यांनी मॅडमना विचारलं, "टाइम किती झाला?"

"सव्वाअकरा."

"लिहून ठेवजा," ते म्हणाले.

आम्ही सगळं पुन्हा केलं. हात धुणं, गाउन, नवी अवजारं, पुन्हा दोनदा रंगवणं. सरांनी जखम अँटिबायोटिकच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. टाके घालून परत पाठवावं का, यावर ते क्षणभर थांबले, पण आत मोकळी केलेली जागा पुन्हा आखडली असती. मग डबा उघडला. नळ्या, पंप, थैली, कशालाही कातडी लागली नाही. शेवटी चाचणीसाठी सरांनी पंप दाबला. शरीराचा तो भाग हळूहळू उठला, सरळ, निर्दोष, आणि ज्याचं शरीर त्याला पत्ताही नव्हता. आम्ही सगळे ते बघत होतो आणि पडद्यापलीकडे तो माणूस डोळे उघडे ठेवून पडला होता. ही चाचणी मी कितीतरी वेळा पाहिली आहे. त्या दिवशी मला तिच्याकडे बघवलं नाही.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "वेळेवर बोललात, म्हणून डबा वाचला. पण 'काढले' म्हणालात तेव्हा मी विश्वास ठेवला होता." ते आता प्रत्येक पेशंटची कंबर स्वतः बघतात. मला त्याचा राग येत नाही.

बाईच्या हातात मी तुटलेल्या दोऱ्याची पुडी दिली. तिने ती उघडली नाही, बोटांनी चाचपली आणि पदराखाली घेतली. नवा दोरा तिने पिशवीत आणला होताच. पण सरांचा हुकूम होता, सहा आठवडे कमरेला काहीही नको. म्हणजे ज्या कमरेला क्षणभर रिकामं ठेवत नाहीत, ती सहा आठवडे रिकामी राहणार होती.

घरी ड्रेसिंग करायला मीच जायची. कोणी सांगितलं नव्हतं, पण जखम पिकली तर ती माझ्यामुळे पिकणार होती. पहिल्या आठवड्यात बाई मला फाटकातच म्हणाली, "यायनं खाट फिरवली. डोकं उत्तरेकडं केलं." मी आत गेले तर खरंच. जित्या माणसाने उत्तरेला डोकं करून झोपू नये, हे मला, विज्ञान शिकलेल्या बाईलाही, आईच्या दुधाबरोबर मिळालंय. मी खाट सरळ करायला लागले. "राहू द्या सिस्टर," बाबू म्हणाले, "मले इकडूनच बरं वाटते."

देवघरात ते जाईनात. आपल्या ताटाआधी कावळ्यासाठी घास बाजूला काढून ठेवत. शेजारचे भेटायला आले की त्यांच्याकडे असे बघत, जणू आपण त्यांना दिसतो की नाही हे तपासत आहेत. नोव्हेंबर लागला, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. बाईने फॉर्म पुढे केला तर ते हसले. "बत्तीस सालं लोकायचे दाखले पाह्यले, सिस्टर. म्हाताऱ्यायले काउंटरवर उभं करून म्हनत होतो, हो, जित्ता हाय. आता माह्या कागदावर मी कायच्या भरवशावर सही करू?" हसले तरी पेन घेतला नाही.

आणि ते बायकोकडे बघत होते. मी पट्टी सोडत असताना त्यांची नजर तिच्या मागे मागे जायची. चुलीपाशी, मोरीपाशी, तुळशीपाशी. पापणी फारशी लवत नसे. बाई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "सारा दिवस पाह्यतेत. सहा सालं नाई पाह्यलं अन् आता नजर काढत नाईत. काल म्हने, तुह्या कानामागं पांढरा केस कवा आला? मले भेव वाटते सिस्टर." तिच्या चेहऱ्यावर भीती होतीच. पण तिने केस नीट विंचरले होते, हेही मी पाहिलं.

अठराव्या दिवशी पट्टीवर पाण्याचा डाग दिसला. मी पट्टी नाकाशी नेली. वास नव्हता. तरी सरांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, नमुना तपासायला दिला. अहवाल यायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मला राहवेना आणि मी बाईला सगळं सांगून टाकलं. पट्टी, उतरलेला दोरा, माझं खोटं. "पू झाला तर दोष माझा," मी म्हणाले.

तिचा हिशेब दुसरीकडेच गेला होता. "मंग पह्यल्या वेळचं," ती म्हणाली, "ते मीच केलं म्हना ना."

"तसं कोणी ठामपणे सांगू शकत नाही, बाई. शुगर होती, दुसरंही काही असेल."

"मीच हात जोडले होते," ती म्हणाली आणि उठून आत गेली. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. जंतू नव्हते. त्या दिवशी मी गाडीवरच रडले.

सहा आठवडे झाले तेव्हा दोघं ओपीडीत आले. जखम स्वच्छ भरली होती. सरांनी पंप हाताने कसा शोधायचा, किती दाबायचा, परत कसा सोडायचा, सगळं शिकवलं. बाबूंनी ते दाखला तपासावा तसं मन लावून शिकून घेतलं आणि दोनदा स्वतः करून दाखवलं. सर खूश झाले. "आता कमरेला काय बांधायचं ते बांधा," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. बाईने पिशवीतून नवा दोरा काढला. सहा आठवडे घडी करकरून तो मऊ पडला होता. ती पुढे झाली, तर बाबूंनी तिचं मनगट धरलं.

"नको बांधू."

"काऊन? आता तं सरायनं सांगितलं."

"बांधला तं मी परत तोच होईन," ते म्हणाले. मला वाटलं, यांचं डोकं खरंच फिरलं. पण त्यांचा आवाज भानावरचा होता. माझ्यासमोर बोलताना त्यांना कसलाही संकोच नव्हता. "जित्ता होतो तवा तुह्याकडं पाह्याची लाज वाटे. सहा सालं वाटली. तू ताट वाढे तं वाटे, इले माह्यापासून काय भेटलं. तुह्या तोंडाकडं पाह्याची हिंमत नोयती. मेलेल्या मानसाले लाज नाई राह्यत. त्या दिवसापासून मी तुले पाहून राह्यलो. ते मशीन चालो नाई चालो, मले आता पाहू दे."

इतकी वर्षं मी त्या नळ्यांवर एक जंतू बसू नये म्हणून आटापिटा करत होते, आणि या माणसाला पिकवणारं दुसरंच काही होतं, ते आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं. मी टेबलावरचे हातमोजे उगाच उचलून ठेवले.

बाईने त्यांच्याकडे बघितलं. तेही तिच्याकडेच बघत होते, त्याच न हलणाऱ्या नजरेने. या वेळी तिने नजर वळवली नाही. दोऱ्याची घडी करून तिने ती पिशवीच्या तळाशी सारली आणि पदर नीट केला.

"मंग राहा मेलेलेच," ती म्हणाली. "पन चला आता, जेवाची वेळ झाली."